यिशुनच्या नवव्या मजल्यावरचा बांबू

मित्रांनो, मी कपडे वाळत घालायचा बांबू आहे. वय विचाराल तर चाळिशी ओलांडून गेली आहे. मी जुना आहे हे मी लपवत नाही, पण तो शब्द उच्चारताना कुणी आवाज हळवा केला की माझे पित्त खवळते. ज्यांना माझी कीव करायची असेल त्यांनी आताच उठून जावे. बाकीच्यांनी बसावे, मला पुष्कळ सांगायचे आहे.

आधी एक शंका मिटवून टाकतो. सिंगापूरचा बांबू मराठी कसा बोलतो, असे तुमच्या मनात आले असेलच. माझे बालपण मलेशियात गेले, तारुण्य हॉकियन बोलणाऱ्या चिनी घरात गेले आणि म्हातारपणी माझ्या आयुष्यात पुण्याच्या मधुमतीबाई आल्या. त्या कपडे पिळताना, झटकताना, वाळत घालताना आणि काढताना अखंड बोलत असतात. सात वर्षे ते ऐकल्यावर दगडालासुद्धा मराठी आले असते. मी तर पोकळ, माझ्यात आवाज चांगला घुमतो.

माझा जन्म जोहोरमधल्या एका ओढ्याकाठी, बांबूच्या बेटात झाला. एके दिवशी आम्हाला तोडून लॉरीत घातले आणि समुद्रावरच्या रस्त्याने सिंगापुरात आणले. यिशुनमधल्या एका किराणा दुकानाबाहेर आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. यिशुन तेव्हा नवे कोरे होते. पत्र्याच्या घरांत, कोंबड्या-बदकांच्या संगतीत राहिलेली माणसे एकावर एक रचलेल्या फ्लॅटमध्ये राहायला येत होती. लिफ्टमध्ये शिरताना ती आधी तिच्या जमिनीकडे बघत.

या नव्या घरांच्या स्वयंपाकघरामागे, खिडकीखाली, भिंतीत आखूड लोखंडी नळ्या बसवलेल्या होत्या. बांबूवर ओले कपडे ओवायचे, चिमटे लावायचे, मग बांबू उचलून खिडकीबाहेर न्यायचा आणि त्याचे बूड नळीत खुपसायचे. बांबू बाहेर मोकळ्या हवेत आडवा राहतो आणि कपड्यांना ऊन, वारा दोन्ही मिळतात. सकाळी आठला समोरून पाहिले तर अख्ख्या इमारतीला झेंडे लावल्यासारखे दिसे. हे सांगायला सोपे आहे. साडेसहा हात लांब बांबू ओल्या कपड्यांसकट खिडकीबाहेर धरून बघा, म्हणजे मनगट कशाला म्हणतात ते कळेल.

मला निवडले ते आह सेंग यांनी. ते सेंबावांगच्या गोदीत जहाजांची डागडुजी करत. त्यांनी आम्हा पन्नास जणांना बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिले आणि आठ जण घरी नेले. घरी नेऊन त्यांनी आम्हाला कोळशाच्या निखाऱ्यावर शेकले, तेल चोळले आणि सावलीत मुरवले. बांबू तडकतो तो टोकापासून, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे टोकाला गुंडाळले. तार एकालाच पुरली आणि तो एक मी होतो. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे आणि तो मी सोडणार नाही.

मित्रांनो, या देशाचा इतिहास तुम्ही तारखांनी शिकता. मी तो ओल्या कपड्यांनी शिकलो. सुरुवातीला माझ्यावर आह सेंग यांचा निळा डगला असे. त्याचे तेलाचे डाग कधी गेले नाहीत. शेजारी त्यांच्या बायकोचा, सिऊ लान यांचा, फिकट गुलाबी झगा असे. त्या एका कारखान्यात रेडिओचे बारीक भाग जोडत. एका आठवड्यात तो झगा यायचा बंद झाला. कारखाना स्वस्त मजुरीच्या देशात निघून गेला होता. महिन्याभराने त्या जागी शाळेच्या कॅन्टीनमधला एप्रन आला. लानबाईंनी रडून दाखवले नाही. त्यांनी एप्रन झटकला आणि चिमटा लावला.

मग त्यांच्या मुलाचे, केनचे, शाळेचे पांढरे शर्ट आले. मग सक्तीच्या लष्करी सेवेची दोन वर्षे हिरवा गणवेश आला, तो ओला असताना एखाद्या बकऱ्याएवढा जड लागे. त्यानंतर ऑफिसचे कडक कॉलरचे शर्ट आले, आणि पुढे तेही येईनात, कारण केनचे कपडे लाँड्रीत जाऊ लागले. केनने लग्न केले आणि पुंगोलला पाण्याकाठच्या कॉन्डोमध्ये, म्हणजे खासगी संकुलात, घर घेतले. अकरा वर्षांपूर्वी आह सेंग गेले. मग माझ्यावर उरले दोन ब्लाउज, दोन विजारी आणि एक टॉवेल.

याच काळात घराघरांत कपडे वाळवायचे यंत्र शिरले. कानामागून आले आणि तिखट झाले, म्हणतात ना, तसे. लोकांना ते आवडले. पाऊस आला की धावायला नको, खिडकीतून ओणवायला नको. लोकांचे चुकले असे मी म्हणत नाही. आमच्याकडे ‘मी चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे म्हणायचीही सोय नाही, कारण इथे रोजच पावसाळा. पण बघता बघता झेंडे उतरले. माझे सात भाऊ एकेक करून तडकले आणि कचऱ्याच्या ढिगात गेले. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही शेखी सागवानाने मिरवावी. मी रोज वाकलो आणि म्हणूनच मोडलो नाही.

सात वर्षांपूर्वी शेजारच्या फ्लॅटमध्ये उन्मेष आणि ऋचा भाड्याने राहायला आले. दोघे पुण्याचे आणि दोघेही कॉम्प्युटरवर काम करणारे. त्यांची मुलगी वल्लरी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला सांभाळायला उन्मेषची आई आली, त्या मधुमतीबाई. पस्तीस वर्षे टपाल कचेरीत काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता मुलाच्या नोकरीच्या परवान्यावर, म्हणजे पासवर, आधारलेला लांब मुदतीचा पास घेऊन इथे राहत होत्या.

आल्याच्या आठवड्यात त्यांची इरकली साडी यंत्रात गेली आणि चुरगळून, रंग सोडून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मधुमतीबाई ओली साडी हातावर घेऊन मजल्याच्या सामाईक व्हरांड्यात ऊन शोधत फिरू लागल्या. लानबाई दार उघडून बघत होत्या. त्यांनी काही न विचारता साडीचे दुसरे टोक धरले, दोघींनी मिळून झटकली आणि लानबाईंनी त्यांना आपल्या स्वयंपाकघरात आणून माझ्यासमोर उभे केले.

“बांबू?” मधुमतीबाई म्हणाल्या.

“कॅन,” लानबाई म्हणाल्या.

त्या दोघींची भाषा एवढीच होती. कॅन म्हणजे जमेल, कॅनॉट म्हणजे जमणार नाही. या दोन शब्दांवर त्यांनी सहा वर्षे काढली, आणि मधुमतीबाईंनी भरीला मराठी घातले. लानबाई मधुमतीबाईंना ‘मादू’ म्हणत. मधुमतीबाई त्यांना ‘लानबाई’ म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो.

आता एक गुपित सांगतो. तीन वर्षांपूर्वी लानबाई बाजारात घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण वाकडे जुळले. भरलेला बांबू त्यांच्याने उचलेना. मधुमतीबाईंनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला स्वतःचे कपडे बादलीत घेऊन त्या येऊ लागल्या. एका वेळी दोघींचे कपडे माझ्यावर चढत. लानबाई डाव्या हाताने पुढे धरत, मधुमतीबाई मागे. “वन, टू, कॅन!” असे म्हणून दोघी मला नळीत बसवत. केन दर रविवारी आईला भेटायला येई. त्याला कपडे बाहेर वाळत असलेले दिसत आणि आई धडधाकट आहे असे समजून तो परत जाई.

मग सरकारी पत्र आले. आमची इमारत जुनी झाली, ती पाडून तिथे उंच इमारत बांधायची ठरले. मालकांना रस्त्यापलीकडे बांधून होत आलेल्या नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार होते, किंवा फ्लॅट नको असेल तर त्याचा मोबदला; भाडेकरूंनी आपले आपण दुसरे घर शोधायचे होते. कोणते ते एप्रिलअखेरपर्यंत फॉर्म भरून कळवायचे होते. लानबाईंनी नव्या इमारतीचे चित्र भिंतीवर चिकटवले आणि सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घराभोवती पेन्सिलने गोल काढला. खिडकी पूर्वेला होती.

केनचे म्हणणे वेगळे होते. “मा, तू आता एकटी नको राहूस. माझ्याकडे ये. स्वतंत्र खोली आहे, एसी आहे.” केन वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्याच्या कॉन्डोत बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे, इमारत कशी दिसते म्हणे! लानबाई एकदा तिथे चार दिवस राहिल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी कोरडे कपडे पुन्हा धुतले आणि माझ्यावर वाळत घातले.

प्रश्न एवढाच होता, मित्रांनो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक बाई स्वतःच्या घरात राहणार की मुलाच्या घरातल्या एका खोलीत. आणि तिची बाजू सावरायची सोडून आम्हीच तिचा घात केला.

पाडवा आला. मधुमतीबाईंना गुढीला काठी हवी होती. दरवर्षी त्या झाडूच्या दांड्यावर भागवत आणि चिडत. त्या वर्षी त्यांनी मला मागितले. लानबाई म्हणाल्या, “कॅन.” मधुमतीबाईंनी मला धुतले, पुसले, हळद-कुंकू लावले. चाळीस वर्षांत माझ्या अंगावर कधी कोरडे कापड चढले नव्हते. त्या दिवशी हिरवी पैठणी चढली. भारतीय वस्तीतल्या टेक्का बाजारातून आणलेला कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पाने, साखरेची गाठी, झेंडूचा हार आणि सर्वांत वर पालथा घातलेला तांब्याचा गडू. लानबाईंनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी फुगलो, खोटे कशाला बोलू?

उन्मेष-ऋचा ऑफिसला आणि वल्लरी शाळेत गेली होती. मधुमतीबाईंनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वाकून पाहिले. भिंतीत नळी तयारच होती. “बघा लानबाई, सरकारनेच गुढीची सोय करून ठेवलीय! पुण्यात आम्हाला सुतळीने ग्रिलला बांधावी लागते.” आणि दोघींनी, वन, टू, कॅन, मला नवव्या मजल्यावरून खिडकीबाहेर उभारले. पुणेकर बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

अकराच्या सुमारास सुमात्राकडून काळे ढग आले आणि वादळी वारा सुटला. पैठणीत वारा भरला. मी वाकलो, सरळ झालो, पुन्हा वाकलो. गडूची दोरी सुटली आणि गडू माझ्या टोकावरून निसटला. खाली शाळेला जायची पायवाट आहे. मला तो क्षण आठवला तरी अंगावर काटा येतो. पण दोरीचा एक पदर आह सेंग यांच्या तारेच्या वेढ्यात अडकला आणि गडू त्यावर लटकत राहिला. दोघी भिजत, ओरडत खिडकीशी धावल्या आणि मला आत ओढले. कुणाला खरचटलेही नाही. त्या वेढ्याने एका माणसाचा जीव वाचवला असेल. आणि मला जुना म्हणतात!

समोरच्या इमारतीतून कुणीतरी हे सगळे फोनवर टिपले होते. संध्याकाळी इमारतीची देखभाल बघणारा तरुण अधिकारी आला. तो नम्र होता. “आंटी, वरून वस्तू पडली तर माणूस मरतो. कायदा कडक आहे. या वेळी फक्त ताकीद देतो.” बांबू कुणाचा, असे त्याने विचारले. लानबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. त्याने त्यांच्या मुलाला फोन केला आणि तासाभरात केन हजर झाला.

“मा, नवव्या मजल्यावरून हे काय चाललं होतं? तू पडली असतीस तर? तुला हा बांबू झेपतो तरी का?”

लानबाईंनी उजवी बाही मनगटावर ओढून घेतली. मधुमतीबाईंना ते सहन झाले नाही. मैत्रिणीची बाजू घ्यायला त्या इंग्रजी गोळा करून पुढे सरसावल्या. “शी व्हेरी स्ट्राँग! एव्हरी डे वुई टू लिफ्ट! टू इयर्स! टुगेदर!”

केन आईकडे वळला. “रोज? दोन वर्षं? म्हणजे तुला एकटीला उचलता येत नाही?” त्याने तिचा उजवा हात हातात घेतला, बाही वर केली आणि वाकडे मनगट पाहिले. त्याचा आवाज एकदम खाली आला. “आणि मला सांगितलं नाहीस. या आंटी लवकरच दुसरीकडे जाणार. मग कोण उचलणार? संपला विषय. तू माझ्याकडे येतेस. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी मी खोकी घेऊन येतो, फॉर्मही तेव्हाच भरू.”

त्याने मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभे केले आणि माझ्यावर निळी चिकटपट्टी लावली. टाकायच्या सामानाला ती पट्टी असते. लानबाईंनी दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सातला मधुमतीबाई बादली घेऊन गेल्या. दार उघडले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फटीतून मला दिसे, ओले ब्लाउज खुर्च्यांच्या पाठींवर टाकलेले होते.

मला राग आला होता. पट्टीचा नाही. पट्ट्या पावसाने निघतात. एका माणसाचे घर ठरवायला एक मनगट पुरते, याचा आला होता.

उघड्या खिडकीतून शेजारचे सारे मला कळे. घरी मधुमतीबाई जेवेनात. “जिभेला हाड नाही माझ्या,” त्या म्हणत. “चूक मी केली आणि घर त्या बाईचं चाललंय.”

“आई, आता तू यात पडू नकोस,” उन्मेष म्हणाला. “त्यांचा घरगुती मामला आहे. आपण इथे पासवर राहणारी माणसं.”

“पास राहायला लागतो रे, माफी मागायला लागत नाही,” मधुमतीबाई म्हणाल्या. “परवा रविवार. आणि मंगळवारी त्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. पस्तीस वर्षं मी लोकांच्या शेवटच्या तारखा सांभाळल्यात, ही मी चुकू देणार नाही.”

 नारळ मात्र उन्मेषनेच खवून दिला.

रविवारी सकाळी मधुमतीबाई नारळाच्या वड्यांचे ताट आणि आठ वर्षांची वल्लरी असा लवाजमा घेऊन लानबाईंच्या दाराशी उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी घंटी वाजवली नाही. दारावर थाप मारून त्या म्हणाल्या, “वन, टू...” आणि थांबल्या.

आत खुर्ची सरकली. मग आतून आवाज आला, “...कॅन.” दार उघडले.

मधुमतीबाईंनी हात जोडले. “सॉरी, लानबाई. माय मिस्टेक. ऑल माय मिस्टेक.”

“आह मा, माय आजी व्हेरी, व्हेरी सॉरी लाह,” वल्लरीने, लानबाईंना चिनी रीतीने आजी म्हणत, इथल्या बोलीत पुस्ती जोडली. “शी नेव्हर ईट, यू नो.”

लानबाईंनी एक वडी उचलून मधुमतीबाईंच्या तोंडात घातली. मग त्या आत गेल्या आणि आह सेंग यांची करवत घेऊन आल्या. वल्लरी आजीच्या मागे लपली. लानबाईंनी माझ्यावरची निळी पट्टी उपटली, मला व्हरांड्यात आडवे केले आणि बोटाने मोजत माझ्या मधल्या पेरावर आल्या. तिथे त्यांनी बोट टेकवले. “लाँग, कॅनॉट,” त्या म्हणाल्या. “शॉर्ट, कॅन.”

मधुमतीबाईंना कळले आणि त्या दोन पावले मागे सरल्या. “अहो नको! तुमच्या यजमानांची आठवण आहे ती. वल्लू, सांग यांना, असं कापू नये म्हणावं.”

वल्लरीने सांगितले. लानबाईंनी ते ऐकून माझ्यावर एक सणसणीत चापट मारली आणि त्या म्हणाल्या, “हजबंड डेड. आय नॉट डेड.”

मित्रांनो, तेव्हा मी घाबरलो होतो. चाळीस वर्षे अखंड राहिलेल्याला करवतीचे दात दिसले की गर्व कुठल्या कुठे पळतो. पण ती चापट बसली आणि माझी भीती गेली. ही बाई माझ्यावर रुसून बसून राहिली असती, मला काचेच्या कपाटात आठवण म्हणून उभे केले असते, तर मला जास्त लागले असते. आठवण म्हणून उभे राहायला माझी तयारी नाही. मला ओले कपडे हवेत. ‘काप,’ म्हणालो मी, मनातल्या मनात, ‘आणि नीट काप.’

मधुमतीबाईंनी मला गुडघ्याने दाबून धरले. लानबाईंनी डाव्या हाताने करवत चालवली. पेराच्या जरा पुढे कापले की टोक बंद राहते आणि आत पाणी जात नाही, हे त्यांना नवऱ्याने शिकवले होते. अर्धा तास लागला. भुसा वल्लरीच्या चपलांवर सांडला. मी दोन झालो.

लानबाईंनी बुडाकडचा तुकडा उचलला. आत जाऊन त्यांनी पहाटेच धुऊन ठेवलेला ब्लाउज, विजार आणि टॉवेल त्यावर ओवला. नेमका तेव्हाच केन खोकी घेऊन लिफ्टमधून बाहेर आला. व्हरांड्यातला भुसा पाहून तो थबकला.

“बाबांचा बांबू! कुणी कापला?” टाकायची पट्टी ज्याने लावली होती, त्याच्याच डोळ्यांत पाणी आले. माणसे अशीच असतात.

 लानबाईंनी मधुमतीबाईंना हाताने मागे सारले आणि त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. डाव्या हाताने त्यांनी मला उचलले. वाकडे मनगट त्यांनी खालून फक्त टेकू म्हणून लावले. त्या खिडकीतून ओणवल्या नाहीत, त्यांना ओणवावे लागले नाही, मी आखूड होतो. एका दमात त्यांनी माझे बूड नळीत बसवले. ब्लाउज उन्हात गेला आणि हलू लागला.

मग त्या मुलाकडे वळल्या. धाप लागली होती, पण मान ताठ होती.

“कॅन ऑर कॅनॉट?”

केन तिच्या मनगटाकडे बघत होता. लानबाईंनी पुन्हा विचारले, या वेळी मोठ्याने. व्हरांड्यातली दोन दारे उघडली. मधुमतीबाई आयुष्यात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत.

“पण मा, हाताचं काय? रात्री काही झालं तर?” केन म्हणाला.

“तेव्हा फोन करीन,” त्या हॉकियनमध्ये म्हणाल्या. “मनगटाचं सांगितलं नाही, ते चुकलं माझं. यापुढे सांगेन. पण मी सांगितलं म्हणून तू माझं घर काढून घेणार असशील, तर कोण सांगेल?”

केनने खोकी खाली ठेवली. त्याने खिडकीतल्या ब्लाउजकडे पाहिले. मग “कॅन,” असे अगदी हळू म्हणाला आणि पिशवीतून फॉर्म काढला. भिंतीवरच्या चित्रातला पेन्सिलचा गोल बघून त्याने सहाव्या मजल्यावरचे घर भरले. लानबाईंनी खाली तीन चिनी अक्षरांत सही केली. मधुमतीबाईंनी फॉर्म मागून घेतला, प्रत्येक रकाना टपाल कचेरीच्या नजरेने तपासला आणि एका राहिलेल्या तारखेवर बोट ठेवले. केनने ती घातली.

जाण्याआधी तो बापाच्या हत्यारांच्या पेटीशी बसला. तांब्याच्या तारेचे एक वेटोळे तळाशी होते. वाळलेले कपडे निघाल्यावर त्याने मला मांडीवर घेतले आणि माझ्या नव्या टोकाला तार गुंडाळू लागला. बापाइतके घट्ट जमले नाही. लानबाईंनी दोन वेढे उलगडायला लावले आणि पुन्हा घालून घेतले.

टोकाकडचा तुकडा, जुन्या तारेचा, ज्याने गडू धरून ठेवला तो, त्यांनी मधुमतीबाईंना दिला.

आता वर्ष झाले. तुम्ही विचाराल की हे बोलतो आहे कोण, कोणता तुकडा? दोन्ही, मित्रांनो. एक मी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आहे. तिथे बाहेर नळ्या नाहीत, आतल्या छोट्या गच्चीत आडव्या कड्या आहेत, आणि मी आखूड असल्यामुळे त्यांत नेमका बसतो. दुसरा मी टॅम्पिनीसला मधुमतीबाईंच्या नव्या भाड्याच्या घरी आहे. यंदाच्या पाडव्याला त्यांनी मला खिडकीच्या आत उभारले आणि गडू तारेने आवळून बांधला. माणूस शिकतो. लानबाई एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलून नैवेद्याला आल्या आणि कडुलिंब चावून त्यांनी जे तोंड केले ते वल्लरी अजून करून दाखवते. जुनी इमारत पत्र्यांनी झाकली आहे. ती पाडतील. नवी उंच होईल, तिच्यात आणखी चांगली यंत्रे येतील, आणि ती यावीत. मी बदलाच्या आड आलेलो नाही, मी स्वतःला बदलून घेतले आहे, तेही करवतीने.

तेव्हा मला जपून ठेवा अशी विनंती मी करणार नाही. तेल महिन्यातून एकदा पुरते. पण तुमच्या घरात एखादे जुने माणूस असेल, आणि त्याला कुठे हलवायचे, काय झेपते, काय टाकायचे हे तुम्ही ठरवायला बसाल, तर त्या खोलीत त्यालाही बोलवा आणि लानबाईंचा प्रश्न त्याला विचारा. कॅन ऑर कॅनॉट? आणि उत्तर येईपर्यंत खोकी खालीच ठेवा.